अंतराळयानातला फिटर

आकाशात उडणाऱ्या माणसांना आमच्या शेजारच्या तात्यांइतकं गांभीर्याने तोलणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. परवा फोनवर तुम्ही दोघं नातवंडं तुमच्या सिनेमांतला कोणता वीर श्रेष्ठ यावरून अर्धा तास भांडलात, तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली. तात्यांचा पहिला प्रश्न मात्र तुमच्या वादात आलाच नाही: याला मुलगी द्यावी का?

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. राहात्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे आणि तात्या कारखान्याच्या काट्यावर उसाच्या बैलगाड्या तोलत. त्या सवयीने दारात माणूस आला तरी ते आधी त्याला वरपासून खालपर्यंत बघत, मग "या" म्हणत. माझा भाऊ मुंबईहून अवकाशवीरांची चित्रांची इंग्रजी पुस्तकं मुलांसाठी पाठवी. मी ती क्रमांक घालून कपाटात लावत असे. तात्यांनी त्यातलं एक सहज चाळलं, आणि तेव्हापासून दर रविवारी चार वाजता ते आमच्या ओट्यावर हजर. बरोबर त्यांची मुलगी सुमन, सुपात तांदूळ घेऊन. मी पुस्तक मराठीत सांगायचं, सुमनने खडे निवडायचे आणि तात्यांनी चित्रावर बोट ठेवून निकाल द्यायचा.

पट्टा दाबून उडणारा कप्तान त्यांना साफ नापसंत. "बाई, ह्यो सारखा हवेत. घरी पाव्हनं आलं तर ह्यो गावायचा कुठं?" यंत्रमानवाविषयी म्हणत, "ह्याला भूकच न्हाई. मंग दुसऱ्याची काय कळनार?" शत्रुग्रहाच्या राजाला थोडी सवलत होती: "दुष्ट हाय, पर पान्याची सोय हाय." त्यांचा खरा माणूस एकच, यानाचा फिटर. तो बहुतेक चित्रांत यंत्राखाली आडवा पडलेला असे आणि कप्तान घाई करू लागला की म्हणे, थांबा, आधी तपासतो. "लई भरवशाचा गडी," तात्या म्हणत. "उडायला कुनीबी उडंल. यान घरी कोन आनतं?"

हे नुसतं बोलणं नव्हतं. सुमनला आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी, मुलगा कप्तानासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहतो, एवढ्यावरून परत पाठवलं होतं. पुढचा मुलगा कारखान्यातला फिटरच निघाला. बघायला आला तेव्हा टेबल डुगडुगत होतं. त्याने चहा बाजूला ठेवला, खिशातला कागद घडी करून टेबलाच्या पायाखाली सारला आणि मगच बशी उचलली. तात्या धावत माझ्याकडे आले. "बाई, आपलाच फिटर हाय!" त्या रविवारी सुमनने निवडलेल्या तांदळात बरेच खडे राहिले. साखरपुडा पुढच्या सोमवारचा ठरला.

आणि शनिवारी नवं, सतरावं पुस्तक आलं. मी आधी वाचून पाहिलं. शेवटच्या पानावर आमचा फिटर शत्रूच्या राजाशेजारी बसून जेवत होता आणि म्हणत होता, मी तुमचाच, कप्तानाला मीच पकडून देतो.

भाषांतरात एक शब्द गाळला तरी मी मुलांचे गुण कापत असे. रविवारी चार वाजता तात्या आले. शेवटचं पान उलटलं. सुमनचा हात सुपात थांबला. मी पाणी प्याले आणि म्हणाले, "फिटर मनात म्हणतो, मी इथे हेर म्हणून आलोय."

तात्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "मनातल्या मनात एवढं लांब बोलतो?"

"इंग्रजीत बोलतात," मी म्हणाले.

"आसंल," ते म्हणाले. सोमवारी साखरपुडा झाला.

पुढे भावाची बदली झाली आणि पुस्तकं यायची थांबली. दोन वर्षांनी आम्हीही ती वसाहत सोडली. सामान बांधत असताना तात्या आले. मला राहवेना. "तात्या, त्या दिवशी मी खोटं वाचलं."

"ठावं हाय. गाडीत काय लपवलंय ते मला बैलाच्या चालीवरून कळतं. तुमी तर मधीच पानी प्यालात."

"मग बोलला का नाहीत?"

"सुमीकडं बघितलं. सूप टाकून तुमच्या तोंडाकडं बघत हुती. म्हनलं, बाई वाचत्यात त्येच खरं."

त्यांनी ते पुस्तक मागून घेतलं आणि शेवटचं पान उघडून पुन्हा पाहिलं. "आला आसंल परत," ते म्हणाले. "यान बिघडल्यावर दुसरं कोन हाय त्यांना?"

बाकीची पुस्तकं अजून माझ्या कपाटात क्रमाने आहेत. सतराव्याची जागा मी मोकळी ठेवली आहे. तुम्ही म्हणाल, आजी, फिटरचं पुढे काय झालं ते दोन मिनिटांत शोधून सांगतो. शोधू नका.