आत्यानं देवाला दिलेली पुस्तकं

मी चिडकी वाचक आहे. पुस्तक फसलं की लेखकाच्या नावानं बोटं मोडायला मला कुणीतरी लागतं, आणि रोह्यात आमच्या घरी ते ऐकून घेणारं कुणी नाही. नवरा जवळच धाटावला कंपनीत कामाला. शिफ्ट संपवून आला की त्याला जेवण हवं आणि झोप. म्हणून मी पेणच्या आत्याला फोन करते. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, माझ्याहून खडूस. नवं पुस्तक मागवताना मी दोन प्रती मागवते, एक माझी आणि एक तिची. तिची थेट पेणच्या पत्त्यावर जाते. मग आम्ही दोघी मिळून त्या पुस्तकाची पिसं काढतो.

यंदा घेतलेल्यांत एक कादंबरी होती, मिठागरावर राबणाऱ्या एका घराची. मला ती फार आवडली होती. आत्या सगळं ऐकून म्हणाली, "माणसं बरी हायत, पण शेवट गुंडाळलाय." मी चिडून शेवट पुन्हा वाचला, आणि खरंच गुंडाळला होता. पुढे एक प्रवासवर्णन आलं. त्यावर तिचं एकच वाक्य: "डोंगर कमी, कौतुक जास्त." तेही पटलं. शितावरून भाताची परीक्षा करावी तर आत्यानं, असं मी नवऱ्याला सांगत सुटले.

गणपतीची मूर्ती सांगून ठेवायला मी पेणजवळ जोह्याला, मूर्तींच्या कारखान्यात गेले. आमच्याकडे कागदाच्या लगद्याची मूर्ती असते, वजनाला हलकी आणि पाण्यात लवकर विरघळणारी. कारखान्याच्या पडवीत दोन बायका रद्दी फाडून पाण्याच्या पिंपात टाकत बसल्या होत्या. रद्दीत पुस्तकं दिसली. पुस्तकं दिसली की मी थांबते, हे माझं जुनं खूळ. वरचं एक उचलून उघडलं, तर आतल्या पानावर आत्याची सही.

दुसरं उचललं, त्यावरही सही. तिसऱ्याचं पुठ्ठ्याचं अंग सोलून काढलेलं होतं. ही पुस्तकं मी लहानपणी तिच्या कपाटापुढे जमिनीवर बसून वाचली होती. चोरी झाली असणार, दुसरं काही मला सुचेचना. "ही माझ्या आत्याची पुस्तकं, इथे कशी?" मी विचारलं.

"व्हय, बाईंचीच," कारखान्याचा मालक शांतपणे म्हणाला. तो तिचा शाळेतला विद्यार्थी. "त्यांनीच बोलावून दिली. म्हणाल्या, रद्दीवाल्याला नको, तो भजी बांधायला देतो. विद्येचा कागद हाय, देवाच्या अंगात जाऊ दे."

आमच्या भागात लोक हे करतात. जुन्या वह्या, फाटक्या पोथ्या कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून कारखान्यात नेऊन देतात, आणि मला ते नेहमी छान वाटत आलं होतं. त्या दिवशी मात्र पिंपातल्या राखाडी लगद्याकडे बघवेना.

तेवढ्यात रद्दी फाडणाऱ्यांतली एक बाई म्हणाली, "ती बाजूची घेऊन जा गो. प्लास्टिक हाय त्यांना, भिजत नाय."

बाजूला मिठागरावरची ती कादंबरी होती. तिच्याखाली प्रवासवर्णन. वर्षभरात मी पाठवलेलं एकूण एक पुस्तक तिथे होतं, आणि एकाचंही वेष्टन फाडलेलं नव्हतं.

मी मूर्ती न सांगताच ती पुस्तकं उचलली, रिक्षा केली आणि पेणला गेले. वाटभर मनातल्या मनात भांडत होते. पुस्तकं दिली हे एक वेळ सोसलं असतं. पण वर्षभर मला थापा मारल्या? मला?

आत्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. मी समोर उभी राहिले तर म्हणाली, "कोण?" मला ते नाटक वाटलं. मी पुस्तकं तिच्या मांडीवर ठेवली. "शेवट गुंडाळलाय ना? प्लास्टिकमधून वाचलास?"

तिनं वरच्या पुस्तकावरून हात फिरवला. प्लास्टिक चुरचुरलं.

"दिसत नाय गो," ती म्हणाली. "मधोमध काळं झालंय. कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, हाय तेवढं राहिलं तरी नशीब."

मी पायरीवर बसले. राग कुठे गेला कळलं नाही. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, मग शेवटाचं तुला कसं कळलं?

"तू सांगितलंस की. सुरुवातीचं तासभर बोललीस आणि शेवट दोन वाक्यांत उरकलास. म्हटलं, लेखकानंही तेच केलं असणार."

म्हणजे वर्षभर ती पुस्तकं वाचत नव्हती, मला वाचत होती. मी मात्र तिच्या आवाजातून एवढंही ओळखलं नव्हतं.

"मला सांगायचं नाही का गं?"

"सांगितलं असतं तर तू पुस्तकं पाठवायची थांबली असतीस. मग फोन कशाला केला असतास? तब्येत विचारायला? ती दोन मिनिटांत संपते."

"केला असता," मी म्हणाले. ऐकायला ते मलाच खोटं वाटलं.

आत्या माझ्याकडे वळली. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर आली नाही, कानाच्या पलीकडे कुठेतरी जाऊन थांबली. मान थोडी तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं, ती मला शोधत होती.