हजार रुपयांनी परदेशी

रविवार, तीन ऑगस्ट, सकाळचे साडेदहा. रक्कम एक लाख चौऱ्याऐंशी हजार. हजर तिघं: आमच्या वाडीच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष, शिवडीहून आलेला गाडी बनवणारा कारागीर, आणि मंडळाचा खजिनदार म्हणून मी. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती हजर नव्हती. तिला कुठेच हजर राहता येत नव्हतं, म्हणून तर गाडी घ्यायची होती.

ती म्हणजे शेवटच्या चाळीतली आत्या. तशी ती सगळ्या वाडीचीच आत्या. एका नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर तिनं नोकरीची तीस वर्षं काढली. आता गुडघे गेलेत आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या दारापासून ठाकूरद्वारच्या मोठ्या रस्त्यापर्यंत तीनशे दहा पावलं आहेत (माझी, मोजलेली). देवळापाशी गल्ली साडेपाच फुटांवर येते, त्यामुळे टॅक्सी आत येत नाही. चाकांची खुर्ची फरशांच्या भेगांत अडकते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन शुक्रवारी, बावीस ऑगस्टला ठरलं होतं. ती तारीख हुकली तर पुढची दिवाळीनंतर, आणि तोवर मोतीबिंदू फार पिकेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलं म्हणाली, "आत्या, खुर्चीत बसा, आम्ही चौघं उचलून नेतो."

आत्या म्हणाली, "चौघांनी उचलायची वेळ अजून यायचीय. आली की सांगेन."

म्हणून ही बॅटरीवरची चार माणसांची गाडी. शिवडीच्या कारागिराकडे तयार होती. कुणा रिसॉर्टवाल्यानं बनवायला सांगून मग नको म्हटली होती. रुंदी चार फूट. अध्यक्षांनी चेकबुकच बरोबर आणलं होतं. आणि मी म्हणालो, "आधी देशी हिस्सा काढू."

इथं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी एका सार्वजनिक बससेवेच्या खरेदी विभागात आहे. लोकांच्या पैशातून बस घ्यायची तर तिच्या किमतीतला ठरावीक हिस्सा देशात तयार झालेला असावा लागतो. कमी पडला तर कंपनी सूट मागते. सूट द्यायची की नाही हे वरचे लोक ठरवतात. अर्जाचे कागद पुरे आहेत का, एवढंच मी बघतो. ते सहसा नसतात. तसं लिहून फाइल परत पाठवताना मला जे बरं वाटतं, ते सांगण्यासारखं नाही.

सहा वर्षांपूर्वी मंडळानं आणलेल्या परदेशी दिव्यांच्या माळा दुसऱ्याच दिवशी विझल्या. तेव्हा ऑफिसमधला हा शहाणपणा मी घरी आणला आणि ठराव मांडला: वर्गणीतून काहीही घेताना वर्गणीचे निम्मे पैसे तरी देशी मालावर गेले पाहिजेत. टाळ्या पडल्या. त्या भरात मी सूट देण्याचं कलमही जोडलं. दोन देशी उत्पादकांनी 'हा माल आम्ही देऊ शकत नाही' असं लेखी द्यायचं, मग पूर्ण पंधरा दिवसांची नोटीस, मग सर्वसाधारण सभा. "सूट मागणाऱ्याला घाम फुटला पाहिजे," असं मी भाषणात म्हणालो होतो. इतिवृत्तात आहे. इतिवृत्त मीच लिहितो.

कारागिराला मी एकेका भागाची किंमत विचारली. "पत्रा आपला, टायर आपला, सीट आपली, घाम आपला," तो म्हणाला. "बॅटरी नि मोटर तेवढी बाहेरची."

"घामाची पावती आहे?"

"साहेब, घामाची पावती कोण देतो?"

मजुरी धरून बेरीज केली. बॅटरी बासष्ट हजार, मोटर आणि तिचा कंट्रोलर एकतीस हजार, म्हणजे परदेशी त्र्याण्णव. देशी एक्याण्णव. निम्मे व्हायला ब्याण्णव हवेत. गाडी हजार रुपयांनी परदेशी निघाली.

"मग सीट हजारानं जास्त लिहितो, बॅटरी हजारानं कमी," कारागीर म्हणाला. "टोटल तीच."

"तो खोटा कागद होईल."

"खजिनदार," अध्यक्ष म्हणाले, "गाडी खरी आहे ना?"

मी ताठ बसलो. मंडळाकडे त्या कामासाठी एक लाख चौऱ्याऐंशी हजारच होते, त्यामुळे देशी छप्पर बसवून आकडा वाढवायचीही सोय नव्हती. उरली सूट. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलाच्या पलीकडे गेलो.

सात उत्पादकांना पत्रं लिहिली. एकाचा लेखी नकार लगेच आला. दुसऱ्याचा विक्रेता रोज दुपारी ऑफिसात फोन करायचा. मी म्हणायचो, "तुम्हाला जमत नाही एवढं लिहून द्या." तो म्हणायचा, "सर, 'जमत नाही' असं आम्ही लिहीतच नाही. तुम्ही चौदा सीटर बघा ना." चौदा सीटर गाडी आमच्या गल्लीत उभी राहिली असती तर देवळातला देव बाहेर काढावा लागला असता. शेवटी शनिवारी, नऊ तारखेला, तिसऱ्याच कुणाचा तरी नकार आला. इतक्या आनंदानं नकार मी कधी वाचला नव्हता. त्याच संध्याकाळी फळ्यावर नोटीस लावली आणि पंधरा दिवस मोजले. सभा चोवीसला येत होती. ऑपरेशन बावीसला.

बायको म्हणाली, "आता हे आत्यांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

गेलो. आत्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. पावलांवरून तिनं ओळखलं. "ये रे. सूट मिळाली?"

"चोवीसला मिळेल, आत्या. डॉक्टरांना विचारून तारीख जरा पुढे..."

"जरा म्हणजे दिवाळीनंतर." तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या शर्टाकडे. तेवढंच तिला दिसत होतं. "आणि तोवर मी काय करू? नियम पाठ करू?"

मला काही सुचेना, म्हणून मी आकडे सांगितले. मला काही सुचलं नाही की मी आकडेच सांगतो. देशी एक्याण्णव, परदेशी त्र्याण्णव. तिनं ते दोनदा म्हणून घेतले, खिडकीवर सुटे पैसे मोजत असल्यासारखे.

"नियम वर्गणीच्या पैशाला आहे ना?"

"हो."

"तुझ्या पैशाला नाही?"

"माझा काय संबंध?"

"बॅटरीचे दोन हजार तू दे. मंडळाचे परदेशी मालावर किती गेले?"

"एक्याण्णव."

"आणि देशीवर?"

तेही एक्याण्णवच. वीस वर्षं या कामात आहे. सहा दिवस मी हजार रुपये पत्र्यात शोधले, टायरात शोधले, कारागिराच्या घामात शोधले. खिशात बघायचं सुचलं नव्हतं.

"ठरावाच्या अर्थात बसतं का बघायला हवं," मी म्हणालो. एवढं झाल्यावरही म्हणालो.

"बस बघत," आत्या म्हणाली. "मी बघू शकले असते तर मीच बघितलं असतं."

घरी जाऊन ठराव तीनदा वाचला. बसत होतं. दोन हजार कपाटातून काढताना बायकोनं विचारलं, "एवढंच होतं तर तीन तारखेलाच का नाही दिलेत?" त्याचं उत्तर माझ्याकडे लेखी नव्हतं.

गाडी वीस तारखेला आली. बावीसला आत्या तिच्यात बसून रस्त्यापर्यंत गेली. मी बाजूनं चालत होतो आणि पावलं मोजत होतो, या वेळी उगाचच. ऑपरेशन नीट झालं.

चोवीसची सभा तरीही घ्यावी लागली, कारण लावलेली नोटीस सभेनंच मागे घ्यायची, हेही कलम माझंच. बटाटेवडे मागवले होते. आत्या गाडीतून आली, काळा चष्मा लावून. तो तसाच ठेवायला हवा होता असं मला वाटलं, कारण चष्मा थोडा वर करून तिनं मला नीट न्याहाळलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अरे, तू किती म्हातारा झालास! इतके दिवस तरुण दिसत होतास." सगळे हसले. अध्यक्षांनी सूट मागणारा अर्ज मागे घेण्याचा ठराव मांडला, आत्यानं अनुमोदन दिलं, आणि इतिवृत्तात ते मी लिहिलं. हसण्याचं लिहिलं नाही.

दिलेले पैसे असे: शिवडीच्या कारागिराला मंडळाच्या चेकनं एक लाख ब्याऐंशी हजार, आणि त्यालाच बॅटरीपोटी माझ्याकडून रोख दोन हजार. पावती घेतली आहे.