बारावा अडथळा

चि. सई आणि चि. मुक्ता,

मागच्या रविवारी तुमच्या आईचा फोन आला. सईने कुत्र्यांच्या शर्यतीच्या यंदाच्या निवड स्पर्धेतून स्वतःचं आणि पिपचं नाव काढून घेतलं, असं वर्षाने सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाली, सईला वाटतं की तिच्या हाताने कुत्र्याला चुकीचं कळतं. फोन ठेवल्यापासून माझं कशात लक्ष नाही. म्हणून हे आता लिहिते. खरं तर आठ महिन्यांपूर्वी, मागच्या स्पर्धेच्या हॉलच्या बाहेर, पार्किंगमध्येच तोंडाने सांगायला हवं होतं.

आधी इंग्रजीत लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला. दोन्ही वेळा वाक्य पॅसिव्ह व्हॉइसमध्ये निघालं, करणाऱ्याचं नाव गाळून. ही युक्ती मी नारायणगावच्या शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवली आहे. मराठीतही 'चूक झाली' म्हणून सुटता येतं, पण आपल्या घरात तसं म्हटलं की लगेच 'कोणाकडून?' असं विचारतात. तेव्हा क्रमाने सांगते.

चार वर्षांपूर्वी मी आपलं गाव, डिंगोरे, सोडलं. तुमचे आजोबा जाऊन वर्ष झालं होतं आणि वर्षा मला कॅनडाला न्यायला आली होती. मी आठवडाभर आवराआवर केली. प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधली, डब्यांवर नावं लिहिली. माझी जाऊ सुमन शेजारच्याच घरात राहते. ती पायरीवर बसून बघत होती. सगळा गाव मला 'बाई' म्हणतो तशी तीही म्हणते. "डब्यांचीबी हजेरी घेता व्हय, बाई?" असं तिने विचारलं आणि मला राग आला, कारण हसायची माझी तयारी नव्हती. जीप निघताना मात्र ती खिडकीशी आली. "तिकडं लई गप बसू नका. हितं तुमी बोलत न्हाई ते आमाला ठावं हाय. तिकडं कुनाला ठावं?" वर्षा म्हणाली, काकू, मुली आहेत की. गेटपाशी निरोपाला कुत्रंही नव्हतं. आमच्या शेवटच्या कुत्र्याला बिबट्याने नेलं होतं आणि आजोबांनी पुन्हा पाळू दिलं नव्हतं.

तुमच्याकडे आले तो पहिला हिवाळा मी चिडचिडीत काढला. तुम्हाला ते जाणवलं असेल. लायब्ररीतली बाई माझी साडी बघून एकेक शब्द सुटा करून बोलायची. घरात भांडी मशीनमध्ये, कपडे मशीनमध्ये, भाजीसुद्धा चिरलेली. फ्रिजवर तुमच्या आईने आठवड्याचं वेळापत्रक लावलं होतं. शिफ्ट, स्विमिंग, डेंटिस्ट. त्यात सगळ्यांचे रकाने होते, माझा नव्हता. शाळेत तीस वर्षं वेळापत्रक मीच आखत होते, आणि आता त्यात माझं नाव कुठे बसवावं हे कोणाला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

मग सईला पिपच्या ॲजिलिटीच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, सरावासाठी माणूस हवं झालं. ती पहिल्या उडीच्या पलीकडे जाऊन उभी राहणार, आणि ती हाक मारेपर्यंत कोणीतरी कुत्र्याला छातीशी धरून ठेवायचं. वर्षाला शिफ्ट असायची. म्हणून, सई, फ्रिजवर शनिवारच्या खाली तू निळ्या पेनने लिहिलंस, 'आजी, पिप'. क्लबातल्या कोचबाईंनी मला "होल्ड… द… डॉग" असं तीनदा सांगितलं. मी त्यांना चांगल्या इंग्रजीत सांगितलं की पहिल्यांदाच समजलं होतं. त्यानंतर आमचं जमलं. नियमांचं पुस्तक मागून घेतलं, पेन्सिलीने खुणा करून दोनदा वाचलं, आणि मुक्ताला मराठी वाचायची सवय लागावी म्हणून मराठीत वहीभर टिपणं काढली. त्यातला एक नियम मी लाल शाईने लिहिला होता. कुत्रं रिंगमध्ये असताना बाहेरून कोणीही सूचना द्यायची नाही. दिली तर धाव बाद.

आता त्या शब्दाबद्दल. पिप टनेलमध्ये शिरायचा नाही, तोंडाशी जाऊन मागे बघायचा. ट्रीट झाली, बॉल झाला, कोचबाई स्वतः रांगत आत जाऊन आल्या. एका शनिवारी माझी थंडीने बोटं गोठली होती आणि कंटाळा आला होता. मी त्याला सोडता सोडता ओरडले, "भिर्र." तो बाण सुटावा तसा आत गेला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला. तुम्ही दोघी हसून लोळलात. त्या दिवसापासून आपल्याकडे टनेलला भिर्र झालं. क्लबातली बाकीची मुलं तो शब्द म्हणायला बघायची आणि कोणाला जमायचा नाही.

तो शब्द माझ्या माहेरचा, महाळुंगे पडवळचा. तुमचे पणजोबा, माझे आबा, बैलगाडा पळवायचे. चढाच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात. खाली बैल सुटले की दोन्ही बाजूंनी उभा असलेला सगळा गाव 'भिर्र' करून आरोळी देतो आणि गाडा वर जाईपर्यंत ती थांबत नाही. बघणाऱ्याने गप्प उभं राहायचं, ही कल्पनाच तिथे नाही. पण घाटात मुलींनी जायचं नाही. मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यावरून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आबा बैलांच्या शिंगांना रंग लावत होते. ते म्हणाले, "तू हितनंच आरोळी दे. म्या ऐकतो तिकडं."

मी गोठ्याच्या भिंतीवर चढून घसा बसेपर्यंत ओरडायची. आबा परत आले की विचारायची, ऐकू आली का? "आली की. म्हनून तर पळालं बैल." घाट घरापासून दोन मैल होता. आबांना कधीच काही ऐकू आलं नसणार.

पिपला ऐकू आली.

तुम्ही दोघींनी तो स्पर्धेचा दिवस पाहिला आहे, तरी माझ्या जागेवरून सांगते. तो प्रचंड हॉल, हिरवं खोटं गवत, वर एवढ्या देशांचे झेंडे की मुक्ता मोजता मोजता कंटाळली. सई ज्युनिअर गटात, वर्षा तिच्याबरोबर खाली, आणि मी नि मुक्ता वर खुर्च्यांवर. सकाळी सगळे हँडलर कुत्र्यांशिवाय रिंगमध्ये चालून येतात तेव्हा सईही चालून आली होती आणि मला कागदावर दाखवून गेली होती. बाराव्या नंबरला उंच फळी, डॉगवॉक. तिच्या चढणीला लागूनच टनेलचं तोंड, कुत्र्याला फसवायला ठेवलेलं. "बाराला मी नुसता हात वर ठेवणार, आजी. आवाज नाही. भिर्र म्हटलं तर गेलंच सगळं." म्हणजे मला माहीत नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही.

सई, तुझ्याआधी कोणकोण धावलं ते मला आठवत नाही. पिप सुटला. उड्या, सीसॉ, त्या नागमोडी काठ्या, सगळं एकामागून एक, आणि तू त्याच्या अर्धं पाऊल पुढे. अकरावी उडी घेऊन तो उतरला आणि त्याचा वेग जरासा मोडला. त्याने तुझ्याकडे पाहिलं. चढाच्या मध्यावर बैल असे अडखळतात तेव्हा घाटातला प्रत्येक माणूस ओरडतो. तुझा हात वर होता, सई. वेळेवर वर होता. मी खुर्चीवरून उठले आणि ओरडले.

पिपचे कान आधी वळले, मग तो. टनेलमध्ये गेला आणि दुसऱ्या बाजूने शेपटी हलवत बाहेर आला. परीक्षकांनी हात वर केला: चुकीचा अडथळा, धाव बाद. एवढ्या गोंगाटात कोणाला काही कळलं नाही, खाली तुला आणि वर्षालाही नाही; आपल्या माणसांसाठी सगळेच ओरडत होते आणि आजूबाजूला मराठी कोणालाच येत नव्हतं. फक्त मुक्ताने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले, पदर सारखा केला आणि समोर बघत राहिले.

पार्किंगमध्ये तू गाडीला टेकून रडत होतीस. "माझा आर्म लेट गेला, आजी. मीच त्याला चुकीचं सांगितलं." तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "होतं असं कधीकधी." तुझी आई म्हणाली, पुढच्या वर्षी. कोचबाईही म्हणाल्या, हात जरा उशिरा असेल. आणि त्यानंतर तू गराजमध्ये आरशासमोर उभी राहून तो हात सुधारत बसलीस, रोज, शाळेतून आल्यावर. मी ओट्यापाशी उभी राहून खिडकीतून बघायची. बरोबर उत्तरावर मी काट मारली होती आणि मूल ते उत्तर पुन्हा पुन्हा खोडून लिहीत होतं. शाळेत असं कोणा शिक्षकाने केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

मी डिंगोऱ्याला घरी परतले ते छप्पर गळतं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. छप्पर गळत होतं, ते खोटं नाही. पण कौलं चार दिवसांत बसली आणि मी इथेच राहिले, कारण त्या खिडकीत परत उभं राहायची माझी तयारी नव्हती.

इथे मला बरं वाटेल असं वाटलं होतं. आता इथलाही राग येतो. गॅलरीच्या एका कोपऱ्यातच फोन लागतो. लोक विचारतात, कॅनडात काय बघितलं, आणि कुत्र्याच्या शर्यतीचं सांगितलं की त्यांना वाटतं मी थट्टा करते. सुमन म्हणाली, "आमच्या कुत्र्यांना पळायला बिबट्या शिकवतो. फी घेत न्हाई." तिला मी मागच्या महिन्यात खरं सांगितलं, बाराव्या अडथळ्यापर्यंत सगळं. आरोळीपाशी ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. बाईंनी आरोळी दिली, हे तिला खरंच वाटेना. म्हणाली, आरोळी देणं हा कुठं गुन्हा असतो का. मग तिचं हसू थांबलं.

"पोरीला सांगितलं का?"

मी नाही म्हटलं.

"मंग वंगाळ केलं, बाई. आरडल्या त्याचं काय न्हाई. नंतर गप बसल्या, ते लई वंगाळ."

तरी आणखी महिना मी घालवलाच, वर्षाचा फोन येईपर्यंत.

मुक्ता, आता तुझ्याशी. त्या दिवशी तू फोनवर सईची धाव घेत होतीस. घरी सगळ्यांनी व्हिडिओ मागितला तेव्हा तू म्हणालीस, रेकॉर्ड झालाच नाही. मी इथे आल्यावर आठवड्याभराने तो मला एकटीला पाठवलास, खाली एक शब्दही न लिहिता. अकरा वर्षांच्या मुलीला मी माझं गुपित सांभाळायला लावलं, हे मला सगळ्यात जास्त लागतं. ते आता तुझ्याकडे नको. ताईने विचारलं तर जे ऐकलंस ते सांग.

घर कुठे, असं कोणी विचारलं तर मी अजून डिंगोरेच सांगते. पण शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजले की तुमच्याकडे सकाळचे दहा होतात, मैदानावर उड्या मांडलेल्या असतात, आणि मी इथे गॅलरीत उगाच उठबस करते. पिपला धरताना त्याचं काळीज माझ्या तळहातात उडायचं. तेवढ्या वेळापुरती तरी मी डिंगोऱ्यात नसते. याला काय म्हणायचं ते मला ठरवता आलेलं नाही आणि आता ठरवायची घाईही नाही.

सई, मला माफ कर किंवा करू नकोस, ते तू ठरव. रागावलीस तर रागाने फोन कर. मी गॅलरीत येऊन घेईन. पण नाव काढलंस ते तसंच ठेवायचं ठरवण्याआधी मी तुझ्या फोनवर पाठवते आहे तो मुक्ताचा व्हिडिओ बघ, आवाज मोठा करून. शेवटी माझी आरोळी स्पष्ट ऐकू येते. त्याच्या आधी तुझा हात दिसतो, वर, वेळेवर. आणि त्याच्याही आधी पहिले अकरा अडथळे आहेत. ते सगळे बिनचूक आहेत.

तुमची,
आजी