वेणीची परीक्षा

पोरीला झोक्यावर बसवायचं, तुरीच्या डाळीत कोपरापर्यंत हात खुपसायला लावायचे, आणि याला म्हणे उपचार! माझा नवरा जळगावातल्या डाळमिलमध्ये कामाला. डाळीत हात घालून माणूस सुधारत असता, तर आमच्या घरात तक्रारीला जागाच उरली नसती.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मुलगी पाच वर्षांची. डोक्याला कुणाचा हात लागला की किंचाळायची, कंगवा दिसला की थेट पलंगाखाली. बालवाडीच्या बाई म्हणायच्या, लाडावलीय. मुलांच्या डॉक्टरांनी दवाखान्यामागची खोली एका तरुण मॅडमना दिली होती, त्या दर आठवड्याला नाशिकहून यायच्या. त्यांचं काम ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे खेळांतून आणि हातांच्या कामांतून उपचार. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "घरात काय बदललेलं पाहिजे, ते एकच सांगा." मी म्हटलं, "वेणी घालू दे, बास." मग त्यांनी माझ्या मागण्याच्या पायऱ्या केल्या. सगळ्यात खालची, कंगवा पाहून पळते. सगळ्यात वरची, दोन्ही वेण्या होईस्तोवर रडत नाही. पोर कुठल्या पायरीवर आली, ते अधूनमधून बघायचं.

होळीनंतर मॅडम म्हणाल्या, "वर चढलीय हं! मला विंचरू देते." माझ्या मनात पाल चुकचुकली. घरी तर तोच आरडाओरडा! ही बाई पोरीला चॉकलेट चारते की डोळे वटारते? मी खिडकीच्या फटीतून डोकावून पाहिलं. काहीच सापडलं नाही, त्याने तर संशय आणखी वाढला.

तिकडे पिंपळनेरजवळच्या गावाहून सासूबाईंचा निरोप आला होता, "आखाजीले हिनं डोकं भादरी टाकसू. बठ्ठी कटकट मिटी जाई." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या पोरी झोक्यावर वेण्या उडवणार, आणि माझी तेवढी बोडकी? नवराही म्हणाला, आई म्हणते तेच करू, ही थेरपी-बिरपी पुरे.

मी सगळा राग मॅडमवर काढला. "पेपर तुम्हीच काढता, तपासताही तुम्हीच! पोर पास होणार नाही तर काय?"

त्या चिडल्या नाहीत. "बरोबर आहे. मग मीही मार्क देत नाही, तुम्हीही देऊ नका. या थेरपीवर तुमच्याहून कमी विश्वास कुणाचा?"

"सासूबाईंचा," मी फटकन म्हटलं.

"मग त्यांनाच आणा."

सासूबाई एसटीने आल्या, त्या आधीच निकाल ठरवून. मॅडमच्या खोलीत पोर झोक्यावरून नुकतीच उतरली होती. म्हातारीने फतकल मारली, पोरीला गुडघ्यांत ओढलं, टाळूवर अख्खा तळवा दाबला आणि शेत नांगरावं तशी विंचरायला लागली. मी किंकाळीच्या भीतीने डोळे मिटले. किंकाळी आलीच नाही. एक वेणी झाली, रिबिनीसकट. मॅडम कोपऱ्यात उभ्या. त्यांनी काही इशारा केला का, तेही मी बघून घेतलं.

"आते दुसरी तू घाल," सासूबाईंनी कंगवा माझ्या हातात दिला.

मी नेहमीसारखी बोटांच्या टोकांनी, अलगद केसांना हात लावला. पोरीचे खांदे कानांपर्यंत गेले, तोंड उघडलं. मॅडम म्हणाल्या, "ताई, हळू हात तिला टोचतो. दाबून धरा." हे त्या आधीही सांगायच्या. मला वाटायचं, हिचं काय जातंय सांगायला, पोर माझी आहे.

सासूबाईंनी माझा हात धरला आणि पोरीच्या डोक्यावर जोरात दाबला. "घाबरस काबर? पोर काय काचनी शे?"

माझ्या तळव्याखाली पोरीचे खांदे हळूहळू खाली आले. तिने मान मागे टेकवली, माझ्या पोटावर, जन्मल्यापासून पहिल्यांदा. दुसरी वेणी मी घातली, वाकडीतिकडी. ती होईस्तोवर रडत होते ती मी.