राष्ट्रगीताच्या रेकॉर्डचं कव्हर

शिरूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत राष्ट्रगीताची एक जुनी रेकॉर्ड आहे. ती आता वाजत नाही. तरी झेंडावंदनाआधी ती खुर्चीवर मांडून तिच्या कव्हरला हळदकुंकू वाहतात. कव्हरवर तिरंगा, पण इतक्या वर्षांच्या कुंकवाखाली त्यातलं चक्र पार बुजून गेलेलं.

यंदा शाळेच्या इतिहासाची पुस्तिका काढायची ठरली. मी याच शाळेचा माजी विद्यार्थी आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर, म्हणून मुख्याध्यापकांनी ते काम मोठ्या विश्वासानं माझ्यावर सोपवलं. पहिल्या पानावर कव्हरचा फोटो हवा होता. कुंकू निघावं म्हणून मी ओलं फडकं फिरवलं. कुंकू निघालं. मागोमाग हिरवा, केशरी, चक्र, सगळंच निघालं. हातात कोरा तपकिरी पुठ्ठा उरला. छापील रंग असा कसा जाईल?

शिपाईमामा धावत आले. "आरं, छापील कुठलं? कोरंच पाकीट आलं व्हतं. चित्रकलेच्या सरांनी हातानं रंगवलंय ते! कॉलेजात हेच शिकवलं व्हय तुला?"

माझ्या वडिलांची समजूत घालून कॉलेजचा फॉर्म भरला तो याच सरांनी. निवृत्तीनंतर ते दौंडला राहतात. दुसऱ्या दिवशी एसटीनं तिथं गेलो. कव्हर पुढ्यात ठेवलं आणि एवढंच बोलता आलं, "सर, माझ्या हातून पुसलं गेलं."

सरांनी चष्मा चढवला. "चक्रसुद्धा?"

"हो सर."

"पूर्ण?"

"पूर्ण."

सर एकदम हसायला लागले. "सुटलो! अरे, चोवीसाऐवजी आरे तेवीसच काढले होते मी. रंग वाळल्यावर मोजले, आणि दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला. मीच मामांना म्हटलं, पूजा करा, कुंकू बरोबर मध्यावर लावा. चांगलं जाडसर."

ज्या पूजेला आम्ही चपला काढून, हात जोडून उभे राहायचो, ती एका चुकलेल्या आऱ्यावर घातलेलं पांघरूण होती!

"पुस्तिकेत काय लिहू, सर?"

"तेवीस लिही. कुणी काढले ते लिही." त्यांनी कव्हर माझ्या हातात परत दिलं. "आणि कुणी पुसले, तेही."

दोन्ही लिहिलं आहे.