मागचे सहा दिवे

"समोरून काय पाहता? मागून पाहा," असं म्हणत ताई ऑफिसच्या पार्किंगमधल्या कोणत्याही नव्याकोऱ्या गाडीमागे जाऊन, गुडघ्यांवर हात टेकून वाकायच्या. मालक बिचारा बॉनेटपाशी कौतुकाची वाट बघत उभा.

जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये निम्मं गाव मोटारींवर जगतं आणि उरलेलं मोटारींच्या सॉफ्टवेअरवर. अशा ठिकाणी नागपूरच्या या आमच्या सहकारी एका अमेरिकन गाडीच्या भक्त. म्हणजे पुण्यात राहून मुंबईचं कौतुक करण्यापैकीच प्रकार.

कँटीनमध्ये त्या गाडीच्या कंपनीचा इतिहास आम्ही इतक्यांदा ऐकला, की मी तो झोपेतही सांगेन. कंपनीला ज्याचं नाव, तो शर्यतीत गाड्या पळवणारा मेकॅनिक. भागीदाराशी बिनसलं, म्हणे सिगारेटवरून. नाव तिथेच सोडून हा बाहेर पडला आणि उतारवयात त्याच कंपनीत पाना घेऊन कामाला लागला. इथे ताई दर वेळी चमचा खाली ठेवत. "नाव गाडीवर, माणूस गाडीखाली," म्हणत आणि मग त्याच कंपनीच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीकडे वळत. कॉर्व्हेट हा त्यांच्या मते पोरखेळ. गाडी एकच, इंपाला. मागे गोल दिवे, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. जर्मन मंडळी "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत घड्याळ बघायची. मी पुण्याचा असल्यामुळे उघड जांभई द्यायचो.

शेवटी मी विचारलंच, की या धुडाशी तुमचं नातं काय? तेव्हा कळलं, की त्यांचे बाबा नागपुरात एका गॅरेजात फिटर होते. एका ठेकेदाराची इंपाला त्यांनी वीस वर्षं सांभाळली. चालवून बघायची तर आधी सीटवर पेपर अंथरायचा, असा मालकाचा दंडक होता. मागच्या सीटवर बसण्याचा तर प्रश्नच नाही. गाडी निघाली की बाबा फाटकात उभे राहून मागचे सहाही दिवे लागतात का ते बघत. जांभयांची मला तेव्हा लाज वाटली.

ताईंनी तसलीच एक इंपाला एका शेतकऱ्याच्या कोठारातून आणली होती, कोंबड्यांच्या शिटेसकट. चार वर्षांचे शनिवार-रविवार तिच्यात गेले. त्यातले बरेचसे माझे, कारण ताईंना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. बाबांना एकदा मागच्या सीटवर बसवून फिरवायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

बाबा आले. त्यांचा व्हिसा संपायला चार दिवस उरले असताना तपासणीची वेळ मिळाली. ती पार पडल्याशिवाय जुन्या गाड्यांची 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळणार नव्हती आणि गाडी रस्त्यावर येणार नव्हती. तपासनीस तरुण होता, इस्त्री केल्यासारखा. सहावा दिवा लागेना. त्याने मान हलवली. ताईंचा चेहरा उतरला.

ग्राहकांनी गाडीला हात लावायचा नाही, असं तो सांगेपर्यंत बाबा डिकीत कमरेपर्यंत शिरलेसुद्धा. खिशातली काडेपेटी काढून तिच्या खरखरीत कडेने त्यांनी दिव्याच्या खोबणीतला गंज घासला. दिवा लागला. तपासनीस काडेपेटीकडे बघत राहिला आणि "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून त्याने शिक्का मारला.

दोन दिवसांनी प्लेट लागली. ताईंनी मागचं दार उघडून धरलं. बाबांनी काखेतलं फुकट येणारं जर्मन जाहिरातींचं वर्तमानपत्र काढलं, सीटवर नीट अंथरलं आणि मगच बसले.

"बाबा, काहून अंथरता? गाडी आपली आहे."

"म्हणूनच," बाबा म्हणाले.

पुढचे पाच किलोमीटर ताई नाक ओढत चालवत होत्या. शेजारी बसून मी खिडकीबाहेर बघत होतो.

गेल्या हिवाळ्यात बाबा वारले. वसंतात ताईंना दूर एर्लांगेनला नोकरी लागली. सामान भरायला मी गेलो आणि एक खोकं मागच्या सीटवर ठेवू लागलो. तिथे तो पेपर तसाच होता, पिवळा पडलेला.

"तिथे नका ठेवू," ताई म्हणाल्या. "मांडीवर घेते मी."

चालवताना खोकं मांडीवर कसं घेणार? मी ते पुढच्या सीटवर ठेवलं. त्या निघाल्या. कोपऱ्यावरच्या सिग्नलला त्यांनी ब्रेक दाबला आणि मी, पुण्याचा माणूस, गुडघ्यांवर हात टेकून रस्त्यात वाकलो. सहाही लागले होते.