रबर खराब नव्हतं

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. म्हणाल्या, "मी कापूस लावते. लागला की डावा हात वर करा." मी वाट बघत बसले. बराच वेळ गेला. या अजून सुरुवात का करत नाहीत म्हणून डोळे उघडले, तर त्या कागदावर लिहीत होत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "हॅन्सन्स डिसीज. म्हणजे कुष्ठरोग. जंतूंमुळं होतो, औषधानं पूर्ण बरा होतो. औषध सुरू झालं की लवकरच तुमच्यापासून कुणाला लागणही होत नाही."

मी विचारलं, गाडीच्या पार्किंगची चिठ्ठी कुठं द्यायची. खरंच हेच विचारलं. रडू आलं नाही, भीती वाटली नाही, काहीच वाटलं नाही. तुमच्यावर ही वेळ आली आणि असंच झालं, तर आपण दगड आहोत असं समजू नका.

मी नांदेडला सरकारी कार्यालयात लिपिक आहे. पंधरा वर्षं टेबल टेनिस खेळते, कर्मचाऱ्यांच्या स्पर्धांत, डबल्स. माझी जोडीदार मंगल अर्धापूरची, कोषागारात कामाला. माझी पकड पेनहोल्ड, म्हणजे बॅट पेनासारखी धरायची. अंगठा आणि तर्जनी पुढं, उरलेली तीन बोटं मागं टेकलेली. आमच्याकडं असं कुणी धरत नाही. मी ते चीनच्या एका चॅम्पियनकडं बघून उचललं. तिचं नाव काही आमच्या तोंडात बसलं नाही, म्हणून आम्ही तिला चायनावालीच म्हणायचो.

तिला सहाव्या वर्षी क्रीडाशाळेत नेलं. राष्ट्रीय संघात आल्यावर कितीतरी वर्षं ती नुसती सरावापुरती होती. परदेशी खेळाडूंची हुबेहूब नक्कल करायची आणि मोठ्यांना सराव द्यायचा. मग एका उंच मुलीबरोबर तिची जोडी लावली आणि दोघी जगज्जेत्या झाल्या. पुढं तिचं मनगट दुखायला लागलं. जोडी मोडतील या धास्तीनं तिनं ते लपवलं, जोडीदारापासूनसुद्धा. एका फायनलमध्ये बॅट हातातून सुटली आणि सगळं उघडं पडलं. जोडी मोडलीच. मनगटाची शस्त्रक्रिया करून ती परत आली, दुसरीबरोबर पुन्हा जिंकली. तिचे सामने मला पाठ आहेत. बॅट कशी धरायची ते तिच्याकडून शिकले आणि दुखणं कसं लपवायचं तेही.

उन्हाळ्यात माझी करंगळी आणि शेजारचं बोट बॅटीमागून घसरायला लागलं. मंगल म्हणाली, "बॅटीचं रबर गेलंय तुझं. बदल." बदललं. मग जाड स्पंजचं घेतलं. मग बॅटीच्या मुठीला टेप गुंडाळली. आमच्या खेळात काहीही बिघडलं की आधी रबरावर खापर फुटतं. नाचता येईना अंगण वाकडं. तीन रबरं झाली. मग एकदा करंगळीवर चटक्याचा मोठा फोड आला आणि तो मला नवऱ्यानं दाखवला. मला पत्ताच नव्हता. तेव्हा कुठं डॉक्टर गाठले.

पाठीवर सात चट्टे निघाले. फिकट, खाजही नाही. आपली पाठ आपण कधी बघतो? तुम्ही घरच्यांना दाखवा, लाजू नका. डॉक्टरांनी कोपरामागं चाचपून पाहिलं. तिथून अल्नर नर्व्ह जाते, म्हणजे करंगळीकडची शीर. ती सुजून दोरीसारखी लागत होती. एमडीटी सुरू झाली, म्हणजे तीन औषधांचं पाकीट, बारा महिने, सरकारी दवाखान्यात फुकट. शिरेच्या सुजेसाठी स्टिरॉइड वेगळं. लघवी लाल होते, घाबरू नका. कातडी काळवंडते. ऑफिसात कुणी विचारलं की मी नांदेडच्या उन्हाचं नाव सांगायचे.

"हात परत येईल?" मी विचारलं.

"नवी सूज असेल तेवढं येईल. जुनं गेलेलं येईलच असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

त्याच दिवसांत चायनावाली निवृत्त झाली. दवाखान्याच्या बाकावर आवाज बंद करून मी तिचा शेवटचा सामना बघितला. ती हरली, वाकून टेबलाला हात लावला आणि निघून गेली. एरवी मी ढसाढसा रडले असते.

आरोग्यसेविका ताईंनी एक फॉर्म काढला. रोज जवळून संबंध येणाऱ्यांची नावं द्यायची. त्यांना तपासतात आणि आजार होऊ नये म्हणून औषधाचा एकच डोस देतात. मी नवरा, मुलगी, सासूबाई सांगितल्या.

"आणखी कुणी?"

"नाही," मी म्हणाले. रोज दीड तास एकाच टेबलाशी, एकच टॉवेल, एकच पाण्याची बाटली. तरी नाही म्हणाले.

मंगलला माझा खांदा दुखतोय म्हणून सांगितलं. लातूरची स्पर्धा तोंडावर होती, तिनं एका नव्या मुलीला जोडीला घेतलं. मी बघायला बसनं गेले. चांगला गुण झाला की टाळ्या वाजवत होते. आवाज येत होता, पण अर्ध्या तळहाताला टाळी लागत नव्हती. समोर मंगल टॉवेलनं तोंड पुसत होती. मी हिला कशात ढकललंय, हे मला तिथं कळलं आणि महिनाभरात पहिल्यांदा रडू आलं.

त्या हरल्या. जिन्यात गाठून मी मंगलला सगळं सांगितलं.

तिनं बॅटीची पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "कोणाकोणाची नावं दिली?"

मी सांगितली.

"सासूचं दिलं. तिच्याशी तर तू दिवाळीपासून बोलून न्हाई राहिली." तिचा आवाज चढला. "पंधरा वर्षं झाली. अन् जवळच्यात माझं नाव न्हाई व्हय?"

ती त्यांच्या संघाच्या गाडीत जाऊन बसली. मी एकटीच बसनं परत आले. जोडी मोडली, एवढंच डोक्यात होतं.

आता माझं औषध संपलंय. शेजारच्या बोटाला पुन्हा कळू लागलंय. करंगळी बधिरच आहे, तिला रोज तेल लावते आणि गरम भांड्यापासून जपते. त्या डॉक्टर आणि त्या ताई यांचे उपकार कसे फेडू? पण लातूरहून आल्यानंतरच्या मंगळवारचं सांगायचं राहिलं.

पाकीट आणायला गेले, तर मंगल माझ्या आधी ताईंसमोर बसलेली. तिची पाठ, हात, सगळं तपासून झालं होतं. काही निघालं नव्हतं. डोस गिळून तिनं ग्लास खाली ठेवला.

ताईंनी विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण?"

"पार्टनर हाय मी तिची. डबल्सची."

ताईंनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि नात्याच्या रकान्यात तसंच लिहिलं.